घड्याळाखालची खुर्ची

त्या कॉफीहाउसात सरकारचा हेर कुठे बसतो, हे सगळ्या शहराला माहीत होतं. भिंतीवरच्या बंद घड्याळाखाली एक खुर्ची होती, हात असलेली, गादी घातलेली, घरातली सगळ्यात चांगली. तिथे. कुणी नवखा चुकून तिकडे वळलाच, तर कोणीतरी हळूच त्याचं कोपर धरून सांगायचं, "तिथे नको. ती कानकाकांची जागा."

कानकाका म्हणजे हेर. नाव त्यांना काहीतरी असणारच, पण ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. लोक त्यांची तब्येत विचारत, वारा आला तर त्यांच्या बाजूची खिडकी लावून घेत, आणि गप्पांतलं एखादं वाक्य त्यांच्याकडून निसटलं तर परत म्हणून दाखवत. "घेतलंत ना काका? मंत्र्यांच्या बंगल्यात दिवे आणि दवाखान्यात मेणबत्ती. मेणबत्ती, हां." काका मान हलवत. आता याला कोणी वेडेपणा म्हणेल. म्हणू दे बापडे. हेर कोण आहे ते माहीत नसताना दिवस काढणं काय असतं, ते या लोकांनी भोगलं होतं.

हे कॉफीहाउस काढलं दादांच्या आजोबांनी. दादा म्हणजे इथले मालक. आजोबांच्या वेळी राजा होता, आणि कॉफी प्यायलेला माणूस जागा राहतो, जागा माणूस बोलत बसतो, म्हणून त्या राजाने कॉफीवरच बंदी घातली होती. मग आजोबा पोटदुखीवरचा काढा म्हणून कॉफी विकू लागले, आणि दुपारचं टपाल आलं की सगळ्या शहराचं पोट एकदम दुखायला लागायचं. राजाला घालवायचं खलबत इथल्याच लांब टेबलावर झालं, असं लोक छातीठोकपणे सांगत. दादांचे वडील हसायचे. म्हणायचे, खलबत कसलं, दोघे बुद्धिबळाच्या डावावरून भांडत होते, ते बघायला गर्दी जमली, गर्दी जमली म्हणून शिपाई आले, आणि पुढचं होत गेलं. टेबल मात्र तेच होतं. त्या टेबलाशी न्यायाधीश बसला आणि शेजारच्या न्हाव्याने साखर मागितली, तर न्यायाधीशाने साखरदाणी सरकवायची, हा घरचा नियम होता.

दादांच्या काळात राजा नव्हता, साहेबलोकांचं सरकार होतं. वर्तमानपत्र एकच यायचं आणि वाचणारे पुष्कळ, म्हणून दुपारी दादा ते मोठ्याने वाचून दाखवत. पदरचा एक शब्द घालत नसत. फक्त थांबत. "देशात धान्याचा साठा भरपूर आहे," असं वाचायचे आणि थांबायचे. चष्मा काढायचे. पुसायचे. परत घालायचे. तेवढ्यात लांब टेबलापासून दारापर्यंत हसू पसरत जायचं, आणि मग दादा शांतपणे पुढचं वाक्य घ्यायचे.

त्या थांबण्यावरून त्यांना पकडून नेलं. दोन माणसं आली, दादांनी चष्मा पुसायला काढला होता तो परत घालायची सवड दिली, आणि घेऊन गेली. खटला नाही, भेट नाही. आरोप काय, तर न उच्चारलेल्या शब्दांबद्दल. कुणीतरी आतूनच सांगितलं होतं, आणि ते कुणी, हे कळत नव्हतं. त्यानंतर कॉफीहाउसात नुसते चमचे वाजायचे. जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा आणि आपलं तोंड कपात घालायचा.

शेवटी निस्तरलं ते वहिनीने. वहिनी म्हणजे दादांची बायको. दादा सगळ्यांचे दादा, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. तिच्या बापाच्या वयाची माणसंही तिला वहिनीच म्हणत. तिने कॉफी करता करता आठवून पाहिलं, दादा थांबल्यावर हसत नव्हतं कोण, आणि दर वेळी कुणाची कॉफी पेल्यातच गार व्हायची. मग एका संध्याकाळी ती खांबामागच्या माणसापाशी गेली आणि त्याची बाही धरून त्याला उठवलं. 

"इथे खांबाआड मान वाकडी करून बसता, दुखत असेल," ती म्हणाली. "त्या घड्याळाखाली बसा. तिथून सगळं ऐकू येतं. आणि तुम्ही तिथे आहात हे आम्हाला दिसतं."

तो माणूस लाजेने लालबुंद झाला, पण उठला आणि जाऊन बसला. तेच कानकाका. त्या संध्याकाळी पुन्हा कुणीतरी खाकरलं, कुणीतरी हवेबद्दल बोललं, मग हवेवरून भाजीच्या भावावर, आणि गप्पांचं गाडं सुरू झालं. सरकारपर्यंत जाणारच आहे ना, मग नीटच जाऊ दे, असा सगळ्यांनी विचार केला. दातांचे डॉक्टर तर वाक्यं घरून घोटून आणत. दिवसभर रोग्यांची तोंडं उघडी ठेवून बोलायची सवय, त्यामुळे उत्तर येत नाही असा श्रोता त्यांना फार मानवायचा.

वहिनी मात्र स्वतः कॉफी नेऊन द्यायची आणि रोज एकच सांगायची. "यांचा उजवा गुडघा अधू आहे. थंडीत धरतो. लोकरीचं काहीतरी बांधायला द्या त्यांना. आणि सोडा आता. माणसाने काही केलेलं नाही, नुसता थांबला." काका टिपून घ्यायचे. वरून उत्तर कधी आलं नाही. तरी ती सांगायची, कारण तुरुंगाच्या भिंतीपलीकडे जाईल अशी तिच्या ओळखीची ती एकच वाट होती.

गुडघ्याची गोष्ट अशी की, दादा एकदा स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते, स्टूल कलंडलं, आणि ते घड्याळाला लोंबकळून खाली आले. तेव्हापासून घड्याळ बंद आणि गुडघा अधू. पकडून नेण्याच्या थोडंच आधी झालेली गोष्ट. लंगडत लंगडत हातात ट्रे घेऊन टेबलांमधून फिरणारे दादा, हेच वहिनीच्या डोळ्यांपुढे राहिलेलं शेवटचं चित्र. आणि ते चित्र होतं आरशातलं.

शेगडी मागच्या भिंतीला होती, आणि शेगडीच्या वर हा एवढा मोठा आरसा. सासऱ्यांनी मुद्दाम लावून घेतलेला. ते म्हणायचे, पाठ वळली की कॉफी उतू जाते, तेव्हा करणाऱ्याने गिऱ्हाईक बघायला मागे वळायचंच नाही, वर बघायचं. वहिनी या घरात आली तेव्हापासून ही खोली तिने आरशातच पाहिली. वाफेने काच धूसर व्हायची, मग हळूहळू त्या धुक्यातून टेबलं, टोप्या, हातवारे वर यायचे आणि पुन्हा बुडायचे. रस्त्यावरून वाचता यावं म्हणून खिडकीच्या काचेवर रंगवलेलं नाव आतून उलटं दिसायचं, पण आरशात ते सरळ व्हायचं. त्यामुळे आरशातलं ते खरं, अशी तिच्या डोळ्यांना सवयच झाली होती. कधीकधी वाफ फार झाली की तिला दादाही दिसत, ट्रे सांभाळत, उजवा पाय ओढत, टेबलांमधून वाट काढताना. ती चमचा हातात धरून बघत राहायची. वाफ विरायची, आणि तिथे कुणीच नसायचं.

मग कानकाकांचे कान गेले. आधी डावा, मग दोन्ही. लोक बिचारे ओरडून ओरडून सरकारला नावं ठेवायला लागले, रस्त्यावरची माणसं थबकून आत बघायची. अखेर काकांनी नोकरी सोडली आणि मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. निघताना त्यांचे डोळे भरून आले.

"माझ्या जागी येईल त्याला सांभाळून घ्या," ते म्हणाले. "नवा असेल. बिचकेल."

सगळ्यांनी त्यांना शब्द दिला.

पण खुर्ची रिकामीच राहिली. दिवस गेले, आठवडे गेले, आणि कॉफीहाउसात पुन्हा चमचे वाजायला लागले. नवा हेर आला असेल आणि दुसरीकडेच कुठेतरी बसला असेल तर? गणिताचे मास्तर, ज्यांचं म्हणणं नेहमी बरोबर असायचं आणि म्हणूनच कुणी ऐकून घेत नसे, तेही गप्प झाले. वहिनीचा जीव तर कासावीस झाला. संध्याकाळी हात आपोआप कॉफीचा पेला भरायचे, पाय घड्याळाकडे वळायचे, आणि समोर नुसती गादी. कुणाला सांगायचं? गादीला? एकदा तिने गादीलाही सांगून पाहिलं. हळू आवाजात, कुणी बघत नाही असं पाहून. परत येताना तिला फार रडू आलं, आणि तिने ते कांदा न चिरताच उरकून घेतलं.

अशात एका धुकट सकाळी दार उघडलं आणि एक लुकडा माणूस आत आला. इकडेतिकडे पाहिलं, आणि सरळ चालत जाऊन घड्याळाखालच्या खुर्चीवर बसला. बसताना त्याच्या तोंडून समाधानाचा सुस्कारा निघाला. त्याच्या बोटांना शाई होती.

"आला," दंतवैद्य पुटपुटले. "आला बाबा एकदाचा."

सगळ्यांच्या जिवात जीव आला. शाई बघितल्यावर तर शंकेला जागाच उरली नाही. रोज अहवाल लिहिणाऱ्याची बोटं आणखी कशी असणार? दंतवैद्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि साठलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं, पण सावकाश, शब्द तोडून तोडून, काकांना दिलेला शब्द पाळत. "दवाखान्यात. औषध. नाही. परंतु. मंत्र्यांच्या. कुत्र्यालाही. डॉक्टर आहे. घेतलंत?"

लुकडा माणूस आधी गोंधळला. मग त्याने मान हलवली आणि त्याची बोटं टेबलावर हलू लागली, काहीतरी वेचून ओळीत ठेवल्यासारखी. "पाठ करतोय," मास्तर कौतुकाने म्हणाले. "कागदसुद्धा लागत नाही. नवी पद्धत असेल."

संध्याकाळी वहिनीने पेला भरला.  तिने पेला ठेवला आणि एका दमात सांगून टाकलं, उजवा गुडघा, थंडी, लोकर, सोडा आता, नुसता थांबला.

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "थांबले म्हणजे? कशाला थांबले?"

इतक्या वर्षांत कुणी तिला प्रश्न विचारला नव्हता. काका टिपून घ्यायचे आणि साखर ढवळायचे. वहिनी मटकन समोरच्या स्टुलावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, चष्मा, धान्याचा साठा, स्टूल, घड्याळ. त्याची बोटं टेबलावर हलत होती. उठताना तिला एवढं हलकं वाटलं की शेगडीशी गेल्यावर ती चक्क गुणगुणायला लागली. तिच्या नणंदेने, म्हणजे दादांच्या धाकट्या बहिणीने, चमकून बघितलं. दादांना नेल्यावर ती मदतीला म्हणून आली होती आणि राहिली होती.

"काय गं वहिनी, सरकार बदललं की काय?" नणंद म्हणाली.

"नाही गं. हेर बदलला."

पुढच्याच आठवड्यात नणंद बाजारातून आली ती पांढरीफटक पडून. पिशवीतून तिने साबणाची वडी काढली, वडीभोवतीचा कागद सोडवला आणि लांब टेबलावर पसरला. लांबट, अरुंद कागद, चांगल्या ठसठशीत अक्षरांत छापलेला. सगळे वाकले. पहिल्याच ओळीत मंत्र्यांचा कुत्रा होता. दंतवैद्यांनी आपलं वाक्य ओळखलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खाली चौकट होती, आणि चौकटीत दादा. कसे वाचायचे, कसे थांबायचे, चष्मा कसा पुसायचे. शेवटची ओळ होती: त्यांचा उजवा गुडघा अधू आहे आणि थंडी आली आहे.

"बाजारभर आहे," नणंद म्हणाली. "साबणाला, मेणबत्त्यांना, शेंगांना, सगळ्याला हाच कागद."

"सरकारचा माणूस सरकारविरुद्ध छापतो?" दंतवैद्य म्हणाले. "हा असला कसला हेर?"

तेवढ्यात तो आला आणि नेहमीसारखा गादीवर बसला. सगळे त्याच्याभोवती जमले. मास्तरांनी कागद त्याच्या नाकासमोर धरला. तो कागद बघून त्याचा चेहरा उजळला.

"कसा आलाय?" त्याने विचारलं. "चौकट जरा तिरकी गेली. पुड्या बांधायला बाजारात जातात त्या उरलेल्या पट्ट्यांवर छापायचं म्हणजे मार्जिन मिळत नाही."

हळूहळू उलगडा झाला. तो छापखान्यात जुळारी होता, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचा. दिवसभर उभ्याने काम, पाय भरून यायचे, आणि या खुर्चीला गादी होती म्हणून तो हिच्यावर बसला. इथली माणसं पहिल्या दिवसापासून त्याच्याशी असं सावकाश, शब्द तोडून बोलायला लागली, की त्याला वाटलं, मजकूर सांगतायत. छापायला. मजकूर सांगणारे तसेच बोलतात.

"म्हणजे तू सरकारचा नव्हेस?" मास्तरांनी विचारलं.

"मी छापखान्याचा."

 मग मास्तर एकाएकी हसायला लागले, पोट धरून, डोळे पुसत, आणि दंतवैद्य त्यांच्यावर भयंकर चिडले. ही हसायची वेळ आहे का, इथे सगळ्यांच्या मुंड्या अडकल्यायत. हे बंद झालं पाहिजे, आत्ताच्या आत्ता. जुळारी घाबरला. म्हणाला, चुकलं असेल तर थांबवतो, आजचा मजकूर जुळवून ठेवलाय तोही मोडतो.

सगळे वहिनीकडे बघायला लागले. माणूस तिचं आत होतं. बाहेर एक अक्षर जास्त उठलं तर आत त्याची शिक्षा कोणाला होईल, हे सांगायला नको होतं.

वहिनी शेगडीकडे वळली. आरशात सगळे तिच्याकडे बघत उभे होते, वाफेत गळ्यापर्यंत बुडालेले. घड्याळाखाली जुळारी होता, मान खाली घालून.  इतकी वर्षं जे ती पेल्याबरोबर देत आली होती ते कुणाच्या तरी घरात आज पहिल्यांदा वाचलं गेलं होतं, साबणाची वडी सोडवताना, आणि त्या घरातल्या बाईने आपल्या नवऱ्याच्या गुडघ्याकडे पाहिलं असेल, असं तिला वाटलं.

"मोडू नकोस," ती आरशाकडे बघतच म्हणाली. "उद्या थंडी आणखी वाढेल असं घाल त्यात."

पुढे काय झालं ते शहरातली माणसं अजून स्वप्न सांगावं तसं सांगतात, म्हणजे आधीचं नंतर आणि नंतरचं आधी. एवढं खरं की सुरुवात बायकांनी केली. तुरुंगाच्या दारावर लोकरीचे गुडघेपट्टे येऊन पडायला लागले, लाल, निळे, उरल्यासुरल्या लोकरीचे पट्ट्यापट्ट्यांचे, प्रत्येक एकेकटा, उजव्या पायाचा. पहारेकऱ्यांनी ते आत न्यायला नकार दिला तेव्हा बायकांनी ते स्वतःच्याच गुडघ्यावर बांधले आणि घरी गेल्या. मग पुरुषांनी बांधले. मग कुणीतरी, म्हणे बेकरीवाल्याने, गुडघा बांधलाच आहे तर म्हणून जरा पाय ओढला.

दोन दिवसांत शहर लंगडायला लागलं. उजव्या पायाने. वकील लंगडत कोर्टात जायचे, नवरीमुलगी लंगडत लग्नाला उभी राहिली. कॉफीहाउसात बसलं की फूटपाथवरून जाणाऱ्या पावलांचा आवाज यायचा, एक जड, एक हलकं, एक जड, एक हलकं, आणि कप बशांमध्ये बारीक किणकिणायचे. लंगडणाऱ्याला पकडायचं कुठल्या कलमाखाली? सरकारने डोकं खाजवून फर्मान काढलं की सार्वजनिक रस्त्यावर विनाकारण लंगडू नये. पहिलाच पकडला गेला तो पोस्टमन, जन्माचा लंगडा. त्याच्या मागोमाग सगळी टपालकचेरी लंगडत चौकीवर गेली. कारण असल्यास डॉक्टरी दाखला हवा, असं ठरलं तेव्हा दंतवैद्यांच्या दारात रांग लागली. दातांच्या डॉक्टरने गुडघ्याचे दाखले द्यायचे, आणि चौकीवर ते चालले, कारण तपासणाऱ्या जमादारालाच बूट चावत होता आणि तो स्वतः लंगडत होता.

याच दिवसांत मास्तर एकदा कप खाली ठेवून म्हणाले, "मला आपलं आठवतं, दादांचा डावा अधू होता."

"मास्तर, बायकोपेक्षा जास्त माहीत तुम्हाला?" नणंद कडाडली. मास्तरांनी कप पुन्हा उचलला.

आणि मग ती दुपार. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. निवेदक म्हणाला, "देशात सर्वत्र शांतता आहे," आणि थांबला. कॉफीहाउसात चमचा वाजला नाही. रस्त्यावर माणसं दुकानांच्या दाराशी उभी राहिली. रेडिओच्या आत कुणीतरी चष्मा काढल्याचा, तो पुसत असल्याचा, अगदी बारीकसा आवाज आला. किंवा आला असं सगळ्यांना वाटलं. मग हसू फुटलं, आधी लांब टेबलावर, मग दारात, मग रस्त्यावर, आणि ते घराघरांतून असं पसरत गेलं की बंगल्यांपर्यंत पोचलं. त्यानंतर साहेबलोकांचं कुणी ऐकेनाच. काही दिवसांत ते बंगले सोडून गेले.

कानकाका मुलीकडून धावतपळत आले ते हे सगळं आपल्या डोळ्यांनी बघायला. त्यांच्या जुन्या खात्याची कचेरी लोकांनी उघडली होती, तिथेही ते जाऊन आले. परत आले आणि वहिनीसमोर नुसते उभे राहिले.

"मी दर वेळी लिहिलं, वहिनी," ते मोठ्याने म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं. "गुडघा कधी चुकवला नाही. पण दादांना नेल्यानंतरचे गठ्ठे तसेच पडलेत. दोरीसुद्धा सोडलेली नाही कुणी. माझ्या जागी माणूस नेमायचाही ते विसरले."

वहिनीने त्यांना कॉफी दिली. दुसरं काय देणार? तिचे कान दाराकडे होते. सकाळीच तुरुंग उघडला होता आणि शहर दादांना आणायला गेलं होतं. तिला चला म्हणाले, पण तिचे पाय उचलेनात. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते रस्त्यात, गर्दीत, पहिल्यांदा बघायचं? त्यापेक्षा शेगडी बरी. त्यांना आल्याबरोबर कॉफी लागणार.

आवाज लांबून यायला लागला. एक जड, एक हलकं. खिडकीच्या काचा थरथरल्या. तिने पातेल्याखालची आच वाढवली आणि आरशाकडे पाहिलं. वाफ दाटली होती. दार उघडलं, उजेड आत आला, आणि धुक्यातून दादा आले. खूप वाळलेले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मागे दारापर्यंत सगळं शहर, पाय ओढत.

वहिनीचा हात थबकला. काहीतरी चुकत होतं. आरशातले दादा लंगडत होते ते डाव्या पायाने.

तिने डोळे पुसले. पुन्हा पाहिलं. डावाच. तिच्या दादांनी तर कायम उजवा ओढला होता, टेबलांमधून, ट्रे सांभाळत. मग ती वळली. लग्न होऊन या घरात आल्यापासून पातेलं आचेवर असताना ती कधी वळली नव्हती. समोर, आरशाबाहेर, दादा उजवा पाय ओढत येत होते, शहरासारखाच.

मास्तरांनी लोकांना दाराबाहेर थोपवलं, आता त्यांना बसू द्या म्हणाले, आणि दार लावून घेतलं. दादा घड्याळाखालच्या खुर्चीपाशी आले, कारण गादी तिलाच होती. आणि बसल्याबरोबर त्यांनी दात आवळून गुडघा दोन्ही हातांनी दाबून धरला. डावा.

वहिनीने एकदा त्या गुडघ्याकडे पाहिलं, एकदा मान वळवून आरशाकडे. आरशातल्या दादांनी उजवा धरला होता. ती सगळं समजली. जन्मभर नवऱ्याला तिने आरशात बघितलं होतं, आणि जे बघितलं ते सरकारला सांगितलं होतं, शहराला सांगितलं होतं. तिचा चेहरा शरमेने पेटला.

ती जाऊन त्यांच्यासमोर स्टुलावर बसली.

"डावा होता?" तिने विचारलं.

"हं."

"मग आत्ता उजवा ओढत का आलात?"

"तुरुंगाच्या दारात बघितलं तर सगळं गाव उजव्याने लंगडतंय," दादा म्हणाले. "पोरंबाळंसुद्धा. म्हटलं, तू सांगितलं असशील. आता मी डाव्याने कसा चालू? तुझा शब्द खोटा पडला असता."

"एवढ्या लांबून? दुखऱ्या पायावर भार देऊन?"

दादा थांबले. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि परत घातला.

"आता दोन्ही दुखतात," ते म्हणाले.

वहिनी हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं, आणि या वेळी तिने ते उरकलं नाही. आपल्या उजव्या गुडघ्यावरचा लोकरीचा पट्टा तिने सोडला आणि खाली बसून त्यांच्या डाव्या गुडघ्यावर बांधला. गाठ सैल पडली, म्हणून पुन्हा बांधली. मागे शेगडीवर कॉफी उतू गेली, सगळ्या खोलीत जळका वास पसरला. नणंद उठायला लागली तशी मास्तरांनी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.